पेठेत न मिळणारी वस्तू

"उचला वहिनी. तुम्ही एकट्याच राहिलाय."

उत्तमशेठ बरगाल्यांनी तबक माझ्यापुढं धरलं. तबकात बेलाची पानं आणि त्यावर भंडारा. खंडोबाच्या देवळात आमच्या कापडपेठेतले झाडून सगळे दुकानदार मांडी घालून बसले होते आणि त्यात बाई मी एकटीच. उत्तमशेठ व्यापारी संघाचे अध्यक्ष. पेठेतलं सगळ्यात मोठं साड्यांचं दुकान त्यांचं, आवाजही सगळ्यात मोठा त्यांचाच.

"काय म्हणायचं ते परत एकदा सांगा," मी म्हटलं.

"सांगितलं की. ऑनलाइन मालाला आपल्यासारखा कर लागत नाही तोवर पेठेतल्या एकाही दुकानदारानं ऑनलाइन वस्तू घ्यायची नाही. घरच्यांनीसुद्धा नाही."

"आणि जी वस्तू आपल्या पेठेत मिळतच नाही ती?"

सगळे खो खो हसले. संघाचा सेक्रेटरी राजू पिराळे मागनं ओरडला, "काय मिळत नाही ओ वहिनी आपल्या पेठेत? हत्ती सोडून सगळं मिळतंय!"

मी काय सांगणार होते? चार पानं उचलली, भंडारा कपाळाला लावला आणि 'येळकोट येळकोट' म्हणून मोकळी झाले.

मागणी खोटी नव्हती, हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगीन. ते एलबीटीचं वर्ष होतं. जकात गेली आणि शहरात येणाऱ्या मालावर हा नवा कर बसला. माझं बायकांच्या आतल्या कपड्यांचं दुकान, 'तोडकर लेडीज वेअर'. तिरुपूरहून माल आणला की मी व्हॅट भरायचा, वर एलबीटी भरायचा. आणि तसलाच माल कंपनीच्या गोदामातनं थेट गिऱ्हाइकाच्या दारात उतरला की आमच्या शहराला एक पैसा नाही. करसल्लागार सांगायचे, ते पण कर भरतात, पण तिकडं, दुसऱ्या राज्यात. मग आमच्या गटारी कुणी काढायच्या, तिकडच्यांनी?

कॉलेजच्या पोरी दुकानात यायच्या, ट्रायल रूममध्ये जाऊन नगावर नग घालून बघायच्या, मला टेपनं मापं घ्यायला लावायच्या आणि "सांगते काकू" म्हणून पसार व्हायच्या. एकीनं तर आत उभं राहूनच फोनवरनं ऑर्डर टाकली. मला बाहेर ऐकू आलं.

"अगं, लाज आहे का काही?" मी विचारलं.

"काकू, तिथं स्वस्त आहे. तुम्ही पण तेवढ्यातच द्या की."

"द्यायला काय कर बुडवू?"

"ते तुमचं तुम्ही बघा," म्हणाली आणि गेली.

संघाच्या बैठकीत हे सगळं मीच तावातावानं सांगितलं होतं. टाळ्या पडल्या होत्या माझ्या भाषणाला. त्यामुळं देवळात बसले तेव्हा माझी पंचाईत फार मोठी होती. शपथेच्या आधीच माझी एक ऑर्डर जाऊन बसली होती आणि पार्सल वाटेत होतं.

त्या वर्षी उन्हाळ्यात मिरजेला माझं ऑपरेशन झालं होतं. पेठेत आम्ही पिशवी काढली म्हणून सांगितलं. पिशवी नव्हती ती. डावा स्तन काढला होता, पुरा. हे माझ्या नवऱ्याला, गुरुपादला ठाऊक, आणि मला. तिसऱ्या माणसाला नाही.

का नाही सांगितलं, म्हणाल. माझा धंदाच तसला. बायका दुकानात येऊन पहिल्यांदा माझ्याकडं बघायच्या आणि मग म्हणायच्या, "तुम्ही घालताय तसलं दाखवा." मी त्यांची मापं नुसत्या नजरेनं सांगायची. आता त्यांनी माझ्याकडं बघितलं की मी पदर घट्ट लपेटून घ्यायची. मला कुणाची कीव नको होती. काउंटरपलीकडनं एकीनं दुसरीला कोपर मारून "हिचं बघ" म्हणावं आणि मी ते बघून परत बॉक्स उघडून दाखवत बसावं, हे मला जमलं नसतं. दुकान बंद केलं असतं मी.

दवाखान्यातल्या सिस्टरनं शिकवल्याप्रमाणं मी मोहरीची पुरचुंडी करून घालायची. वरच्या फळीवरचा बॉक्स काढायला हात उंच केला की ती पुरचुंडी काखेत जायची. मग आत जाऊन सारखी करायची. आणि खाज! घामानं मोहरी भिजून वास यायला लागायचा, मला माझीच शिसारी यायची. शेवटी डॉक्टरांनी सिलिकॉनचा मिळतो म्हणून सांगितलं. वजनाला, आकाराला अगदी खऱ्यासारखा. मिरजेत नाही, सांगलीत नाही. एक तर मुंबईला जा, नाही तर ऑनलाइन मागवा. मी चाळीस वेगवेगळ्या मापांच्या ब्रा विकत होते आणि मला लागणारी वस्तू माझ्या दुकानात तर नाहीच, अख्ख्या पेठेत नव्हती.

देवळातनं घरी आले आणि गुरुपादना शपथेचं सांगितलं.

"मग रद्द करायची का ऑर्डर?" त्यांनी विचारलं.

"अजिबात नाही."

"भंडारा उचललायस, प्रमिला."

"खंडोबाला कळतंय माझं काय गेलंय ते. तो काय व्यापारी संघाचा मेंबर नाही."

पुढच्या आठवड्यात बंद पुकारला गेला. सगळी दुकानं बंद, मारुती चौकात घोषणा आणि ऑनलाइन खोक्यांची होळी, पेपरवाले बोलावलेले. निरोप आला की प्रत्येकानं एक तरी रिकामं खोकं घेऊन यायचं. मी म्हटलं, आता खोकी आणणार कुठनं ही माणसं? तर बघते काय, चौकात ढीग लागलेला! ज्याच्या त्याच्या घरच्या माळ्यावरनं आलेली. मिक्सरची, बुटांची, पोरांच्या सायकलींची. एकावर पिराळेच्या बायकोचं नाव होतं, ते त्यानं नखानं खरवडून अर्धं काढलं होतं.

"हे काय ओ?" मी त्याला विचारलं.

"शपथेच्या आधीचं आहे, वहिनी," तो म्हणाला, आणि त्यानं ढिगावर रॉकेल ओतून काडी लावली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पार्सलवाला इसाक होता. तीन पोरांचा बाप, गरीब माणूस, आमच्या भागात तोच यायचा. "ताई, पार्सल आहे. दुकान बंद दिसतंय."

"इसाकभाऊ, पेठेत येऊ नका," मी तोंडावर पदर घेऊन हळू बोलले. "चौकाकडं तर मुळीच येऊ नका. मी नाक्यावर येते."

"ताई, मी चौकातच हाय."

मी मान वर केली. रस्त्याच्या पलीकडं तो गाडीवर बसलेला, पाठीवर ही एवढी काळी पिशवी. आणि मला दिसला तसा तो पिराळेलाही दिसला.

"धरा रे त्याला! आलंच बघा जिवंत पार्सल!"

आठ-दहा जणांनी गाडी घेरली. इसाक नुसता हात जोडत होता. "शेठ, माल माझा नाही. माझ्या पगारातनं कापतील." कोण ऐकतंय? पिशवी ओढून घेतली, चेन उघडली आणि एकेक पार्सल बाहेर यायला लागलं. पिराळे नावं मोठ्यानं वाचत होता. पाटील कॉलनी. गव्हर्नमेंट कॉलनी. विश्रामबाग. ही सगळी गिऱ्हाइकांची, ती बाजूला ठेवली, कारण पोलीस उभे होते आणि गिऱ्हाईक तोडायचं नव्हतं कुणाला. मग एक पार्सल हातात धरून तो थांबला.

"प्रमिला तोडकर," तो म्हणाला. "तोडकर लेडीज वेअर, कापडपेठ."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

मी पुढं गेले. "माझं आहे. द्या इकडं."

"आँ? वहिनी, तुम्ही?"

"मी शपथेच्या आधी मागवलंय. तुमच्या खोक्याला चालतं तर माझ्या पार्सलला पण चालतंय. द्या म्हणते ना!"

पिराळे देतच होता. खरंच देत होता. पण उत्तमशेठ मध्ये आले आणि त्यांनी ते पार्सल त्याच्या हातातनं घेतलं. पेपरवाले समोर, त्यांचे फोन वर धरलेले.

"वहिनी, तुम्हीच ना विचारत होता, पेठेत मिळत नाही अशी वस्तू असली तर काय करायचं?" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बघू तर द्या आम्हाला. पेठेत नसंल तर उद्यापासनं आम्ही ठेवू."

"शेठ, ते उघडू नका. बाईमाणसाचं आहे."

"बाईमाणसाचंच विकताय की तुम्ही दुकानात, बाहेर टांगून!"

लोक हसले. मी हात घातला, पण त्यांनी पार्सल वर धरलं. किल्लीनं टेप फाडली, आतला डबा काढला, झाकण उघडलं आणि ती वस्तू हातात घेतली. अंगाच्या रंगाची, मऊ, जड. त्यांचा हात एकदम थांबला. तोंडावरचं हसू पण गेलं, क्षणभरच. मला वाटलं, लाज वाटली असेल. वाटलं, आता ठेवतील डब्यात परत.

"काय आहे ओ शेठ?" मागनं कुणीतरी ओरडलं.

शेठनी ती वस्तू तळव्यावर दोनदा वरखाली केली आणि जोरात म्हणाले, "घ्या! वहिनींनी खेळायला चेंडू मागवलाय!"

चौक फुटला नुसता. शिट्ट्या काय, टाळ्या काय. आणि त्या हशातच त्यांनी तो आगीत टाकला.

सिलिकॉन जळायला लागलं की कसला वास येतो, ते देवानं कुणाला दाखवू नये. नाकात, घशात, केसात जाऊन बसतो. माझी वस्तू त्या खोक्यांच्या मधोमध काळी पडत होती, आणि माझ्या शेजारी उभा असलेला बांगडीवाला हसून हसून डोळे पुसत होता. माझं डोकं फिरलं.

"चेंडू नव्हता तो," मी म्हटलं. आवाज कुठनं आला कुणाला ठाऊक, पण अख्ख्या चौकाला ऐकू गेला. "माझी छाती होती ती. कॅन्सर झाला मला. डावी बाजू कापून काढली मिरजेत. आता कुणाच्या दुकानात मिळते ती, सांगा. सगळा कर भरून घेते!"

आणि मग सगळ्यांनी काय केलं, सांगू? सगळ्यांनी माझ्या छातीकडं बघितलं. एकूण एक पुरुषानं. ज्यांना मी राख्या बांधल्या होत्या त्यांनीसुद्धा. डावीकडं बघत होते, नेमकी कुठली बाजू ती शोधत होते. कुणी माझ्या तोंडाकडं बघितलं नाही.

मग पिराळे म्हणाला, "ए, घोषणा द्या रे." आणि घोषणा परत सुरू झाल्या. 'ऑनलाइनला कर लावा, व्यापाऱ्याला न्याय द्या.' मी लिहून दिलेली घोषणा होती ती. मी इसाकला त्याची पिशवी भरू लागले आणि चालत घरी आले.

गुरुपाद त्या रात्री जेवले नाहीत. पोलिसात जाऊ म्हणाले. मी म्हटलं, जाऊन काय सांगायचं, वस्तूचं नाव घेताना हवालदार पण तिकडंच बघणार. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं. पदर घट्ट लपेटला नाही, पुरचुंडी घातली नाही, तशीच बसले. बायका आल्या. काही नुसत्याच बघायला आल्या. एकीनं विचारलं, "दुखतं का ओ अजून?" तेवढं बरं वाटलं.

आणि त्याच आठवड्यात एका दुपारी उत्तमशेठ आले. हातात पेढ्यांचा पुडा.

"शटर अर्धं ओढू का?" म्हणाले.

"काही गरज नाही. बोला."

"झालं गेलं विसरा वहिनी. आंदोलनात होतं मागंपुढं. मला काय स्वप्न पडलं होतं?" ते काउंटरवर वाकले. "एक काम होतं. तसलं एक मागवायचं होतं."

"तसलं म्हणजे कसलं?"

"काय ओ, कळतंय की तुम्हाला. आमच्या हिच्यासाठी. हिचं पण झालंय तुमच्यासारखंच. पुण्यात केलं, सहा वर्षं झाली. पेठेत वास लागू दिला नाही मी कुणाला. आता पोराचं लग्न ठरलंय. व्याह्यांपुढं उभी राहायला पाहिजे ना नीट? तुम्ही तुमच्या नावावर मागवा. मी अध्यक्ष, माझ्या नावानं आलेलं बरं दिसणार नाही."

मला पहिल्यांदा नीट कळलंच नाही. सवयीनं मी विचारून गेले, "माप?"

"तुमचाच चालेल. परवा हातात घेतला तेव्हाच बघितलं मी." त्यांनी तळवा वर करून वाटी केली आणि हलवून दाखवली. "हिच्या दुसऱ्या बाजूएवढाच भरला. वजन पण तेवढंच."

त्या हाताकडं मी बघत राहिले.

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं," मी म्हटलं. "हातात घेतल्या घेतल्या."

"कळलं की. घरात रोज बघतोय."

"आणि तरी चेंडू म्हणालात?"

"अहो, एवढी माणसं तोंडाकडं बघत होती. पेपरवाले होते. अशा वेळी काहीतरी बोलायलाच लागतं. पब्लिकचं असतंय ते, तुम्हाला नाही कळायचं."

एवढे दिवस मी समजत होते, एका अडाणी माणसानं न कळता केलं. याला सगळं कळत होतं. त्या चौकात मी सोडून एकट्या त्यालाच कळत होतं.

"वहिनींना पाठवा दुकानात. मी माप घेते," मी कसंबसं म्हटलं.

"ती बाहेर पडत नाही."

"का?"

"लोक बघतात ना."

मी त्यांचा पुडा उचलला आणि त्यांच्यासमोरच बाहेरच्या गटारीत टाकला. "चला, व्हा बाहेर."

"बरं बरं. राग शांत होऊ दे," ते पायरी उतरताना म्हणाले. "पण मागवा तेवढं. लग्न जवळ आलंय."

ते गेल्यावर मी मागच्या मोरीत जाऊन ओकले. मग तोंड धुतलं, दुकानाला कुलूप लावलं आणि भर बाजारातनं त्यांच्या घरी गेले.

दार शेठच्या बायकोनं, इंदूवहिनींनीच उघडलं. ऑक्टोबरचा उकाडा, आणि बाई अंगावर शाल घेऊन. मला बघून दोन पावलं मागं सरल्या. मी आत जाऊन बसले आणि सरळच सांगितलं, माझं असं असं ऑपरेशन झालंय, आणि अशी अशी वस्तू मिळते.

"मिळते?" त्या म्हणाल्या. "खऱ्यासारखी?"

"अगदी."

"मला कुणी सांगितलंच नाही. मी ओढणीचे बोळे घालते." मग शाल आवळून म्हणाल्या, "पण तुम्हाला माझं कसं ठाऊक? ह्यांनी सांगितलं?"

"हो. तुमच्यासाठी एक मागवा म्हणाले."

"आणि ह्यांना कसं कळलं, असलं काही मिळतंय म्हणून?"

खोटं बोलता आलं असतं मला. दवाखान्यात कळलं असेल म्हणता आलं असतं. पण त्या हाताची वाटी अजून माझ्या डोळ्यांपुढनं जात नव्हती. मी सगळं सांगितलं. पार्सल, चौक, होळी, चेंडू. तो हात कसा थांबला ते पण सांगितलं.

इंदूवहिनी ऐकत राहिल्या. रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "हसले का सगळे?"

"हसले."

"हे पण?"

"हसवलं त्यांनीच."

त्यांनी शाल काढली, घडी घातली आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवली. एक बाजू सपाट, दुसरी भरलेली, तशाच माझ्यासमोर ताठ बसल्या.

"फोन आहे ना तुमच्याजवळ? मागवा," त्या म्हणाल्या. "तुमच्या नावावर नको. इंदुमती उत्तम बरगाले, असं पुरं नाव घाला."

"पत्ता हाच ना, घरचा?"

"नाही. ह्यांच्या दुकानाचा. पार्सल येईपर्यंत मी रोज सकाळी जाऊन बसते गल्ल्याशेजारी. फोडू देत की त्यांनाच, गिऱ्हाइकांसमोर. आणि काय आहे ते पण त्यांनाच सांगू देत."